शिंगरांचा पहिला तास

रघूचं शिंगरू मेलं तेव्हा डॉक्टर केसर म्हात्रे त्याच्या सुजलेल्या गुडघ्यातून सुईने पाणी खेचत होती. सिरिंज अर्धी भरली आणि शिंगराने मान टाकली.

"बाय, ऱ्हाऊ द्या आता," रघू म्हणाला. "गेला तो."

"मला दिसतंय," केसर म्हणाली आणि सिरिंज पुरती भरून घेतली.

रघूला तो निर्दयपणा वाटला असणार. वाटू दे. गेलेलं जनावर परत येत नाही, पण त्याच्या गुडघ्यातलं गढूळ पाणी काहीतरी सांगेल अशी तिला आशा होती. वर्षभर दुसरं कोणीच काही सांगत नव्हतं. तिने सुईला टोपण लावलं, दाराजवळच्या खुंटीवर एक फडकं लोंबत होतं त्याला हात पुसले आणि रघूशी सांत्वनाचा एकही शब्द न बोलता स्कूटरला किक मारली. सांत्वन तिला कधी जमलंच नाही. बोर्ली पंचतनच्या बाजारात म्हणतातच की केसरबाईंची गाडी दारात थांबली की म्हैससुद्धा दूध चोरायचं बंद करते.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या बघून केसर निवृत्त झाली. मुलगा पुण्यात होता. तो म्हणाला, इकडे ये, आराम कर. आराम म्हणजे त्याच्या सातव्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बोर्लीच्या बाजारात एक गाळा घेतला, एका बाजूला मोबाइलवाला, दुसऱ्या बाजूला पाववाला, आणि पाटी लावली. पाटी लावल्यापासून तिला सगळ्यात जास्त छळलं ते वेळशेतच्या घोड्यांनी.

वेळशेत हे तिथून स्कूटरने जाण्यासारखं किनाऱ्यावरचं गाव. पर्यटक येतात, वाळूत घोडागाडीतून फिरतात, फोटो काढतात. गाड्या चालवणारी घरं थोडी हिंदूंची, थोडी मुसलमानांची, आणि तबेले सगळे एकाच आळीत. पूर्वी घोडे लांबच्या जत्रेतून आणायचे. अलीकडे लोकांना वाटलं, घोडी घरची आहे तर शिंगरूही घरचंच होऊ दे. विचार चांगला होता. केसरनेच त्याला हो म्हटलं होतं, म्हणून तर जीव जास्त जळत होता.

कारण गेल्या हंगामापासून शिंगरं मरायला लागली. जन्मायची धडधाकट, तासाभरात उभी राहून आईला लुचायची. मग तीन-चार दिवसांत दूध सोडायची. अंग तापायचं, बेंबी सुजायची, मग गुडघे, मग मागचे पाय. इंजेक्शनं द्यावीत तर दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी मान खाली. जंतूंचा आजार, हे केसरला पहिल्याच शिंगराला कळलं. जंतू कुठून येतात, ते मात्र वर्ष उलटलं तरी कळत नव्हतं.

आणि आता कुलसुमची रेशम गाभण होती.

कुलसुमचा नवरा हुझैफा कतारला होता. दर ईदला येतो येतो म्हणायचा आणि दर ईदला पार्सल यायचं. गाडी चालवायची कुलसुम आणि तिचा सासरा वलीचाचा. त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याला आता वाळूत गाडी ओढवत नव्हती. सगळी भिस्त रेशमवर. गेल्या वर्षी रेशमला झालेलं शिंगरू पाचव्या दिवशी गेलं. कुलसुमने त्याचं नाव ठेवलं होतं, आणि ते नाव ती आता घेत नसे. वलीचाचांनी सांगून टाकलं होतं, "या वक्ताला पण गेलं तर घोडीला माणगावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. घोडीच नापाक नसीबाची." व्यापारी दोनदा येऊन रेशमचे दात बघून गेला होता.

रघूचं शिंगरू गेलं त्याच दिवशी कुलसुम केसरच्या दवाखान्यात आली. पाववाला, मोबाइलवाला, कोंबड्या घेऊन आलेल्या बाया, सगळे ऐकत होते.

"डॉक्टरबाय, खरं सांगा. माझं पण जाईल?"

"नाही जाणार," केसर म्हणाली. "रेशमचं शिंगरू मी मरू देणार नाही."

बोलून बसली आणि जीभ चावली. डॉक्टरने असलं काही बोलायचं नसतं, हे तिने कित्येक नव्या पोरापोरींना शिकवलं होतं. पण कुलसुमचा चेहरा बघून तिचा स्वतःवरच संताप झाला होता, आणि संतापली की ती वचनं देऊन मोकळी व्हायची.

आत्तापर्यंत तिने काय केलं नव्हतं? पहिला संशय विहिरीवर. आळीची विहीर एकच. तिने त्यात ब्लिचिंग पावडर घातली. आळीतल्या बाया महिनाभर शिव्या घालत होत्या, चहाला पोहण्याच्या तलावाचा वास येतो म्हणून. शिंगरू मेलंच. मग पेंढा. जुना पेंढा सगळा जाळायला लावला, तबेल्यांना चुना मारला. तरी मेलं. मग वलीचाचांचे हात. आळीतल्या कुठल्याही घोडीला कळा आल्या की वलीचाचाच जायचे. केसरने त्यांना चारचौघांत विचारलं, "चाचा, नखं कधी कापली होती?" म्हातारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. पण हात मात्र धुवायला लागला, कोपरापर्यंत, साबण लावून. आणि रघूच्या घोडीच्या वेळी तर चाचा मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. शिंगरू रघूने एकट्याने काढलं. तेही मेलं.

म्हणजे चाचांचे हातही सुटले. तिला मनातून चाचांची माफी मागावीशी वाटली. मागितली नाही.

नमुन्यांची तर आणखी तऱ्हा. जंतू नेमके कुठले ते कळायला प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. तिने दोनदा बर्फात घालून, डबा बांधून एसटीने पाठवले. दोन्ही वेळा उत्तर आलं, नमुना तपासणीयोग्य नाही. तिने फोन केला.

"मॅडम, नमुना थंड ठेवायला हवा होता," तिकडचा मुलगा म्हणाला.

"बर्फात घातला होता."

"आमच्याकडे उघडला तेव्हा बर्फ नव्हता."

"पोचल्यावर किती वेळाने उघडला?"

तो म्हणाला, "मधे शनिवार-रविवार आला ना."

केसरने फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही म्हणून गादीवर आपटला.

म्हणून या वेळी रघूच्या शिंगराच्या गुडघ्यातलं पाणी घेऊन ती स्वतः निघाली. पहाटेची गाडी धरून मांडवा, तिथून बोट. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्याला चिकटपट्टी. बोटीत शेजारी बसलेली एक गॉगलवाली पोरगी डब्याकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "मावशी, कोळंबी आहे का?"

"घोड्याच्या गुडघ्यातला पू आहे," केसर म्हणाली. "देऊ?"

पोरगी वरच्या डेकवर निघून गेली. गेटवेपर्यंत बाक रिकामा मिळाला, तेवढंच सुख.

मुंबईच्या प्रयोगशाळेने मात्र काम चोख केलं. जंतू सापडला, क्लेबसिएला. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "हा जंतू ओल्या जागी टिकतो, मॅडम. जिथे ओल वाळत नाही अशी जागा शोधा. मी तर म्हणेन पाणी बघा."

पाणी! केसरने तिसऱ्यांदा विहीर तपासली. पाण्याची टाकी तपासली, बादल्या तपासल्या, घोड्यांच्या तोंडाला लावायचे लगाम तपासले, बेंबीला लावायला तिनेच दिलेल्या लाल औषधाची बाटलीसुद्धा तपासली. सगळं स्वच्छ. तिच्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये बाटल्या मावेनात, आणि निष्पन्न शून्य. इकडे रेशमचं पोट खाली उतरायला लागलं होतं.

अशात रघूची दुसरी घोडी, बिजली, व्याली. आणि ती व्याली कुठे तर टेम्पोत. रघू तिला माणगावहून घेऊन येत होता, तर हायवेला ट्रक उलटून रस्ता बंद झालेला. बिजलीने टेम्पोतच बसकण मारली. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं उतरून मोबाइल काढून उभी, रघू त्यांना शिव्या देतोय, आणि मधे शिंगरू पडलं. बिजलीने चाटून चाटून स्वतःच कोरडं केलं. संध्याकाळी मायलेकरं आळीत आली. चार दिवस गेले, आठ गेले, शिंगरू तुरुतुरु पळतंय.

"बिजलीचं नशीब," रघू म्हणाला.

"नशीब नशीब करू नकोस माझ्यापुढे," केसर खेकसली. ती रघूच्या तबेल्यात पालथ्या बादलीवर बसली होती आणि त्या शिंगराकडे असं रोखून बघत होती की बिजलीने कान मागे टाकले. तोच तबेला. तोच पेंढा. त्याच विहिरीचं पाणी, तोच रघू, तेच त्याचे न धुतलेले हात. मेलेलं शिंगरू याच कोपऱ्यात झोपायचं. मग याला काय मिळालं नाही?

एकच गोष्ट. जन्मल्यानंतरचा पहिला तास याने आळीत काढला नव्हता.

ती उठली आणि सरळ वलीचाचांच्या ओट्यावर गेली, रघूला मागे ओढत.

"पहिल्या तासात तुम्ही शिंगराला काय काय करता? सगळं सांगा."

"काय न्हाय करत," रघू म्हणाला.

"काही नाही कसं? बेंबीला काय लावता? हळद? तेल? चुलीतली राख?"

"तुमी ओरडल्यापासून काय न्हाय लावत, बाय. तुमचा तो लाल दवा लावतो. चाचाला विचारा."

"व्हय," वलीचाचा म्हणाले. "ओरडणं ऐकण्यापरीस दवा बरा."

"तोंडात काय घालता? गूळ? मध?"

"आईचा चीक. दुसरं काय घालायचं?"

खोटं बोलत नव्हते. तिला खोटं बोलणारं माणूस लांबून ओळखू यायचं. दोघांनी तिच्या एकेका प्रश्नाला खरंखुरं उत्तर दिलं, आणि ती हात हलवत परत आली. रस्ताभर तिला वाटत होतं, आपण काहीतरी विचारायचं विसरतोय. कपाळावर चष्मा असताना घरभर चष्मा शोधावा, तसं.

दोन दिवसांनी कुलसुमचा फोन आला. रेशमच्या सडांवर मेणासारखे थेंब धरलेत. म्हणजे आज नाहीतर उद्या. केसर दुपारीच गेली. रेशमला तपासलं, शेपटीला पट्टी बांधली, बादलीत हात धुतले आणि पुसायला काही मिळतंय का बघितलं. खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तीतून जुन्या कापडाचं टोक बाहेर आलेलं. केसरने ते ओढलं.

"हां हां हां, बाय, ते न्हाय!" कुलसुम धावत आली आणि तिने ते हातातून काढूनच घेतलं. "ते शिंगराचं हाय. टॉवेल देते तुमाला."

"शिंगराचं म्हणजे?"

"जुनेर. पुसायला. आत्ताच रघूदादाकडून आणलं."

केसरने तिच्या हातातलं कापड बघितलं. फिक्या हिरव्या रंगाचं नऊवारी लुगडं, धुऊन-वापरून सायीसारखं मऊ झालेलं. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने रफू केलेलं. हे रफू तिने पाहिलं होतं. रघूच्या दाराजवळच्या खुंटीवर. त्याच्या मेलेल्या शिंगराजवळून उठून तिने स्वतः याच कापडाला हात पुसले होते.

"कुलसुम, गेल्या वर्षी रेशमच्या शिंगराला कशाने पुसलं होतंस?"

"यानंच."

"आणि बाकीच्यांनी?"

"यानंच की. समदी याच्यानंच पुसतात. सोनाबायचं लुगडं हाय ते."

केसरने ते नाकाला लावलं. आंबूस, कुबट, ओला वास. पिशवीच्या तळाशी पाणी सुटलं होतं.

"हे धुता कधी?"

कुलसुमला प्रश्नच कळला नाही. "धुवायचं कशाला? धुतलं तर सोनाबाय जाईल ना त्यातली."

पुसता कशाने, एवढंच केसर विचारायचं विसरली होती. आणि त्यांनीही सांगितलं नाही, कारण पुसणं हे काही करणं नव्हतंच त्यांच्या लेखी. श्वास घेता का, असं कोणी सांगतं का? आणि जुनेर तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. जन्मलेल्या जिवाला कोरं कापड लावायचं नाही, कुणा भरल्या घरच्या, दीर्घायुषी बाईचं वापरलेलं लुगडं लावायचं, म्हणजे तिचं आयुष्य लागतं. तिच्या मुलाच्या वेळी तिने दुकानातून आणलेलं झबलं तिच्या आईने दारातूनच परत पाठवलं होतं. सगळं ठाऊक होतं. पण ते माणसांचं. घोड्यांचंही तसंच करत असतील, हे तिच्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

सोनाबाई म्हणजे रघूची आई. नव्वदी गाठून, हिंडतीफिरती असताना गेली. तिचं एकही पोर दगावलं नव्हतं. आळीतल्या किती पोरांना तिच्या पदरात पहिल्यांदा गुंडाळलं असेल, हुझैफालासुद्धा. ती गेल्याच्या आदल्या गणपतीत गेली, आणि त्यानंतर रघूने तिचं लुगडं आळीला दिलं, शिंगरांसाठी. त्याआधी ज्याच्या त्याच्या घरचं फडकं असायचं. आता सगळ्यांना एकच. पहिल्या आजारी शिंगराला पुसताना जंतू त्यात शिरला, आणि मग ते ओलं कापड पिशवीत घालून या दारातून त्या दारात जात राहिलं. ताज्या नाळेवरून फिरत राहिलं.

तिने आपल्या औषधांच्या बॅगेतून कात्री काढली आणि लुगड्याचा एक तुकडा कापून बाटलीत घातला. नेमका तेव्हाच रघू दारात आला.

"काय करताय?"

"हेच मारतंय शिंगरांना," केसर म्हणाली. हळू सांगावं, बसवून सांगावं, असं तिच्या मनात आलंसुद्धा नाही. "तुझ्या आईचं लुगडं."

रघूचा चेहरा काळवंडला. "माज्या आयशीनं कधी कुणाचं वाईट चिंतलं न्हाय. आणि मेल्यावर ती पोरं मारते म्हनता?"

"आईने नाही रे. ओलीने! जंतू आहेत त्यात. न धुतलेलं, न वाळवलेलं..."

"कापलात तुमी ते." त्याने केसरच्या हातातून लुगडं घेतलं, छातीशी धरलं आणि निघून गेला. वलीचाचा ओट्यावरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "बेटी, तू मागं म्हनालीस विहीर. मग म्हनालीस पेंढा. मग माजी नखं. आता सोनाबाय. उद्याला समिंदर म्हनशील."

म्हातारा बरोबर बोलत होता. तुकड्याचा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता आणि रेशमला वेळ नव्हता.

"मग आता पुसू कशानं?" कुलसुमने विचारलं. ती रडवेली झाली होती.

"दवाखान्यातून टॉवेल देते. नवा, निर्जंतुक केलेला."

"कोरा?"

"कोराच!"

"कोरं न्हाय लावायची मी. तुमी काय पन बोला. या वक्ताला काय झालं तर अब्बा घोडी विकतील, आनि मला वाटत ऱ्हाईल मी कोरं लावलं म्हणून."

या बाईला जंतू समजावण्यात संध्याकाळ गेली असती, आणि तरी पहाटे तिने कुठून तरी एखादं पोतेरं शोधून आणलंच असतं. केसर स्कूटरवर बसली आणि घरी गेली. कपाटातून तिची जुनी सुती साडी काढली, नोकरीत असताना दर पावसाळी दौऱ्याला नेसायची ती, जांभळी, पार विरलेली. टराटरा फाडली. एक तुकडा साबणाने धुऊन कुकरमध्ये घातला आणि शिट्ट्या मोजत बसली. मग उन्हात वाळवून, इस्त्री करून, स्वच्छ डब्यात घालून परत वेळशेत.

कुलसुमने तुकडा हातात घेऊन पाहिला. "तुमचं हाय?"

"माझंच. वीस वर्षं नेसलेय."

"पोरं किती तुमाला?"

"एक."

"जिता हाय?"

"पुण्यात आहे. फोन करत नाही."

"पन जिता हाय ना?"

"आहे. ठणठणीत आहे."

"मग चालंल," कुलसुम म्हणाली आणि तुकडा कपाळाला लावला.

केसर रात्रीची तिथेच, ओट्यावर पडली. पहाटे फजरच्या अजानच्या सुमाराला रेशम व्याली. शिंगरू काळंभोर, कपाळावर चांदणी. वलीचाचांनी कोपरापर्यंत हात धुतले, धुताना केसरकडे बघत मुद्दाम दोनदा साबण लावला. कुलसुमने जांभळ्या तुकड्याने शिंगरू पुसलं. नाळेला लाल औषध लागलं. शिंगरू चार वेळा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली घुसलं.

"हे कापड आता जाळायचं," केसर म्हणाली. "ऐकलंस? या शिंगरापुरतंच होतं. जाळ."

"व्हय, बाय."

मग तिचे दिवस सुरू झाले. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. तिसरा दिवस, चौथा. बेंबी कोरडी. पाचव्या दिवशी कुलसुम तबेल्यात गेलीच नाही, दारात पाठ करून बसून राहिली. केसरने शिंगराचे गुडघे चाचपले, पुन्हा चाचपले. थंड. ढुशी मारून शिंगराने तिचा चष्मा पाडला.

आठवड्याने रिपोर्ट आला. लुगड्याच्या तुकड्यात तोच जंतू, त्याच औषधांना दाद न देणारा. रघूच्या शिंगराच्या गुडघ्यात होता तोच. केसर कागद फडकवत आळीत गेली. कागदात कोणाला रस नव्हता. शिंगरू जगलं होतं, झालं. वलीचाचांनी घोडी विकायचा विषय काढला नव्हता आणि कुलसुमने शिंगराचं नावही ठेवलं होतं, जुगनू.

"बघ, मी सांगत होते," केसर म्हणाली. "आणि ते कापड जाळलंस ना?"

कुलसुम शिंगराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कुलसुम."

"रघूदादानं नेलं."

"काय?"

"त्याच्या बहिणीची घोडी हाय ना, खालच्या आळीत, आज-उद्यात व्यायची. लई गुणाचं कापड हाय म्हनला. समद्यांनीच मागितलं, बाय. पुढचा नंबर..."

"धुतलं तरी का?"

कुलसुमने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही बाई शिकलेली असून असं कसं विचारते. "धुतल्यावर गुण ऱ्हाईल का?"

स्कूटर खालच्या आळीत पोचेपर्यंत केसरच्या तोंडून जे शब्द गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. रघू बहिणीच्या अंगणात बसला होता, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. केसरने ती ओढली, तुकडा बाहेर काढला. आठवडाभरात त्यालाही तोच आंबूस वास आला होता. तिने अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत तो तिथल्या तिथे फेकला.

"बाय! तुमचंच जाळताय?"

"माझं आहे म्हणूनच जाळते! दुसऱ्याचं जाळायची माझी छाती नाही!"

रघू चुलीकडे बघत राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "मग हिच्या घोडीला काय लावायचं?"

केसर घरी आली. कपाटातल्या सुती साड्या सगळ्या पलंगावर ओढल्या. नेसत्या ठेवायच्या का, याचा विचार केला आणि त्यातल्याही दोन काढल्या. फाडायला बसली. कुकर शिट्ट्या देत होता. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काय शिजवतेस गो सकाळपासून?"

"साड्या," केसर म्हणाली.

अख्खं वर्ष पालथं घातलं, बोटीने मुंबई गाठली, जंतूचं नाव-गाव शोधून काढलं, आणि शेवटी काय, तर साठी उलटलेल्या बाईने आपल्या साड्या उकळायच्या! एका शिंगराला एक तुकडा. आणि तो जाळला की नाही हे बघायला पुन्हा आपणच जायचं. तिला वाटलं, सरळ पुण्याला निघून जावं.

दार वाजलं. रघू होता. काखेत पिशवी. पिशवीत हिरवं लुगडं.

"आयशीचं पन फाडा," तो म्हणाला. आत आला नाही. "एकेकाला एकेक. पन साबन न्हाय लावायचा."

"साबण लागतो, रघू."

"मग न्हाय देत."

दोघंही उभे. कुकरची शिट्टी झाली. केसरने डोळे मिटून घेतले, दात आवळले. साबणावाचूनही कुकरची वाफ जंतूला पुरून उरते, हे तिला ठाऊक होतं. त्यांचा हट्ट राखूनही काम होतं, हे वर्षभर भांडताना का नाही सुचलं कोण जाणे.

"बरं. साबण नाही. पण शिट्ट्या मी सांगेन तेवढ्या."

रघूने जरा विचार केला. मग उंबऱ्याच्या आत आला आणि पिशवी उघडली.

"ते टोक धर," केसर म्हणाली. "घट्ट."

त्याने रफूचा कोपरा मुठीत धरला, तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिने दुसरं टोक धरून ओढलं, आणि विरलेलं सूत एका दमात फाटत गेलं.